घटक ५ : कार्यालयीन ई-पत्रव्यवहार आणि सर्व्हरवरील साठवण-जागेचे व्यवस्थापन

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• कंपनीच्या ई-मेल सर्व्हरवरील जागा कशामुळे भरते, हे सांगता येईल.
• देवनागरी मजकूर आणि त्याच मजकुराचे स्कॅन केलेले चित्र यांनी व्यापलेल्या जागेची तुलना करता येईल.
• पुसलेल्या पत्राचे सर्व्हरवर काय होते, हे समजावून देता येईल.
• कोणते पत्र जतन करावे आणि कोणते काढून टाकावे, याचे निकष मांडता येतील.
• साठवण-जागेविषयीची सूचना सुबोध मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन पत्राची अंगे पाहिली. जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ, मायना, मजकूर आणि समारोप ही रचना आता तुमच्या परिचयाची झाली आहे. या घटकात आपण त्यापुढचा प्रश्न विचारणार आहोत : पत्र लिहून, पाठवून झाल्यानंतर त्याचे काय होते? कागदी पत्र नस्तीत जाते, नस्ती दप्तरात बांधली जाते आणि दप्तर अभिलेख कक्षात पोहोचते. ई-पत्र मात्र सर्व्हर नावाच्या यंत्रावर साठत राहते आणि त्या यंत्रावरील जागा मोजकी असते.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. ‘तुमचा मेलबॉक्स भरत आला आहे’ ही सूचना तुम्ही केव्हा ना केव्हा वाचली असेल. अशा वेळी हाताला येतील ती जुनी पत्रे पुसली जातात आणि काम पुढे सुरू होते. सहा महिन्यांनी एखाद्या पुरवठादाराशी दरावरून वाद होतो, किंवा एखाद्या कर्मचाऱ्याला आपली रजा मंजूर झाली होती हे दाखवून द्यावे लागते, आणि नेमके तेच पत्र सापडत नाही. जागा मोकळी झालेली असते, पुरावा मात्र गेलेला असतो.

हा विषय संगणक विभागाचा आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात तो कशासाठी, अशी शंका तुमच्या मनात येईल. तिचे उत्तर असे की, सर्व्हरवर साठते ते शेवटी लेखनच असते. त्यातील कोणते लेखन अभिलेख म्हणून टिकवायचे आणि कोणते प्रासंगिक बोलण्यासारखे सोडून द्यायचे, हा निर्णय यंत्र घेऊ शकत नाही. त्या निर्णयाचा मोठा भाग पत्र लिहिणारी व्यक्ती लिहितानाच घेत असते. या घटकाचे मुख्य प्रतिपादन तेच आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ जागा मर्यादित का असते?

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल ही सेवा जाहीर केली आणि प्रत्येकाला १ जीबी जागा देऊ केली. त्या काळी हॉटमेलसारख्या लोकप्रिय मोफत सेवेत केवळ २ एमबी जागा मिळत असे. तेव्हापासून ‘ई-मेल पुसण्याची गरजच काय?’ अशी सर्वसामान्यांची धारणा झाली. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरचे गणित मात्र वेगळे असते. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्स्चेंज’ या प्रचलित सर्व्हर-प्रणालीचे उदाहरण घेऊ. तिच्या २००३ सालच्या स्टँडर्ड आवृत्तीत सर्व कर्मचाऱ्यांच्या पत्रांचा एकत्रित साठा १६ जीबीपेक्षा मोठा होऊ शकत नसे. २००५मध्ये आलेल्या ‘सर्व्हिस पॅक २’ने ही मर्यादा ७५ जीबीपर्यंत वाढवली. मर्यादा ओलांडली की साठा बंद पडे आणि एका व्यक्तीच्या नव्हे, तर सर्वांच्याच टपालाचा खोळंबा होई.

आज डिस्क स्वस्त झाल्या आहेत. तरीही जागेची किंमत केवळ डिस्कच्या किमतीइतकी नसते. साठा जितका मोठा, तितका त्याची सुरक्षा-प्रत घेण्यास वेळ अधिक. आणि सर्व्हर नादुरुस्त झाल्यास तो पूर्ववत करण्यासही वेळ अधिक. म्हणूनच जागेचे व्यवस्थापन हे टपाल अखंड चालू ठेवण्याचे व्यवस्थापन असते.

५.२.२ जागा कोण व्यापते : अक्षर की अक्षराचे चित्र?

भाषेच्या अभ्यासकांनी येथे थोडे अधिक थांबावे. संगणक मजकूर ‘बाइट’ या एककात साठवतो. युनिकोड या सांकेतिक व्यवस्थेच्या पहिल्या, म्हणजे १९९१च्या आवृत्तीपासूनच देवनागरीचा तीत समावेश आहे. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

‘नमस्कार’ हा शब्द पाहा. वाचताना आपण न, म, स्का, र अशी ४ अक्षरे मोजतो. संगणक मात्र न, म, स, हलन्ताचे चिन्ह, क, काना आणि र अशी ७ चिन्हे मोजतो. म्हणजे या शब्दाला २१ बाइट लागतात. प्रारंभी ई-मेलची यंत्रणा साध्या रोमन मजकुरासाठीच घडवलेली होती. १९९२मध्ये ‘माइम’ हे मानक आले आणि अन्य लिप्या, चित्रे व फाइली ई-पत्रातून पाठवण्याची रीत ठरली. त्यातील ‘बेस-६४’ या रूपांतरात प्रत्येक ३ बाइटांची ४ रोमन चिन्हे होतात. म्हणजेच आपला शब्द प्रवासात २८ बाइटांचा होतो. जोडपत्र, म्हणजे ज्याला आपण अटॅचमेंट म्हणतो, तेही प्रवासात याच प्रमाणात सुमारे एक-तृतीयांशाने फुगते. १० एमबीची मर्यादा असताना ८ एमबीची फाइल परत का येते, याचे कारण बहुधा हेच असते.

‘म्हणजे मराठी मजकूर रोमनच्या तिप्पट जागा घेतो, तर मग मराठीत लिहिणे खर्चिकच!’ असा निष्कर्ष कोणी काढील. तो कितपत खरा आहे, हे हिशेबानेच पाहू. एका पानाच्या मराठी पत्रात १,५०० चिन्हे आहेत असे धरा. त्यांना जास्तीत जास्त ४,५०० बाइट लागतील, रूपांतरानंतर ६,०००. आता तेच पत्र छापून, सही करून, रंगीत स्कॅन करून पाठवले आणि ती फाइल १५ लाख बाइटांची, म्हणजे सुमारे दीड एमबीची झाली, असे समजा. रूपांतरानंतर ती २० लाख बाइटांची होईल. मजकूर तोच, पण जागा ३३३ पट. रोमन आणि देवनागरी यांमधील तिपटीचा फरक यापुढे नगण्य ठरतो. जागा खाते ते अक्षर नव्हे, अक्षराचे चित्र.

मराठी कार्यालयांत चित्रे पाठवण्याची सवय कशी लागली, यालाही भाषिक इतिहास आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेखन ‘कृतिदेव’सारख्या फॉन्टमध्ये होत असे. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असत. ज्याच्या संगणकावर तो फॉन्ट नाही, त्याला मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. त्यावर ‘छापा, स्कॅन करा, पाठवा’ हा सोपा उपाय रूढ झाला. अडचण दूर झाली, सवय राहिली. तिची दुसरी किंमत अधिक मोठी आहे : चित्रातील शब्द साध्या शोधाने सापडत नाही. जे सापडत नाही, ते ठेवावे की काढावे हे ठरवताही येत नाही. मग सगळेच ठेवले जाते.

सही आवश्यक असलेल्या मूळ दस्तऐवजाचे स्कॅन अर्थातच लागेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली आहे, हेही ध्यानात ठेवावे. परंतु बैठकीची सूचना, सुट्ट्यांची यादी, स्मरणपत्र यांना चित्राची गरज नाही. ते युनिकोड मराठीत थेट ई-पत्राच्या अंगातच लिहावे.

५.२.३ प्रत आणि संदर्भ

जागा भरण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे प्रतींची संख्या. ५ एमबीचे माहितीपत्रक २०० कर्मचाऱ्यांना पाठवले आणि प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये स्वतंत्र प्रत साठली, तर १,००० एमबी, म्हणजे जवळजवळ १ जीबी जागा एका क्षणात जाते. एक्स्चेंजच्या जुन्या आवृत्त्यांत एका साठ्यात एकच प्रत ठेवून सर्वांना तीच दाखवण्याची सोय होती. २०१०च्या आवृत्तीपासून वाचनाचा वेग वाढवण्यासाठी ती काढून टाकण्यात आली. याशिवाय पाठवणाऱ्याच्या ‘पाठवलेली पत्रे’ या कप्प्यातही एक प्रत राहते आणि तीही त्याच्या मर्यादेत मोजली जाते. पुष्कळ जण केवळ आवक कप्पा साफ करतात आणि जावक कप्प्याकडे पाहतच नाहीत.

उत्तर देताना सामान्यतः मूळ जोडपत्र परत जात नाही, पण मागील सर्व मजकूर अवतरण म्हणून खाली येत राहतो. पत्र पुढे पाठवताना मात्र जोडपत्रही सोबत जाते. दहा वेळा पुढे गेलेल्या पत्राच्या दहा प्रती होतात.

आता कागदी पत्राची रचना आठवा. ‘संदर्भ : आपले पत्र क्र. …, दि. …’ ही ओळ आपण का लिहितो? मागील पत्राची नक्कल पुन्हा जोडावी लागू नये म्हणून. संदर्भ ही ओळ म्हणजे प्रतीऐवजी पत्ता देण्याची रीत होय. जुन्या कारकुनाने कागद वाचवण्यासाठी जे केले, तेच आज सर्व्हरसाठी करता येते : मोठी फाइल सामायिक जागेत एकदाच ठेवावी आणि ई-पत्रात तिचा दुवा द्यावा. दुवा काही बाइटांचा असतो, प्रत काही एमबींची. मात्र दुव्यामागील फाइल हलवली की तो निकामी होतो. म्हणून कायम जतन करायच्या पत्राबाबत मूळ दस्तऐवज कोठे राहील, हे आधी ठरवावे.

५.२.४ मर्यादेच्या तीन पायऱ्या

प्रत्येक मेलबॉक्सला ठरवून दिलेल्या जागेस ‘कोटा’ म्हणतात. एक्स्चेंजमध्ये त्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिलीवर केवळ इशारा मिळतो. दुसरीवर पत्र पाठवणे बंद होते. तिसरीवर पत्र येणेही बंद होते. एक्स्चेंज २०१०मध्ये या पायऱ्या मुळात अनुक्रमे १.९, २ आणि २.३ जीबी अशा ठेवलेल्या होत्या. व्यवस्थापकाला त्या बदलता येत.

या क्रमामागे विचार आहे. पाठवणे थांबले, तर गैरसोय कर्मचाऱ्याची होते आणि तो आवराआवर करतो. येणे थांबले, तर बाहेरच्या माणसाचे पत्र परत जाते. निविदेचे पत्र किंवा ग्राहकाची तक्रार परत गेली, तर ती आली होती हे कंपनीला कळतही नाही. म्हणून दुसरी आणि तिसरी पायरी यांत पुरेसे अंतर ठेवणे, तसेच ‘तक्रार’, ‘विक्री’ अशा सामायिक मेलबॉक्सना अधिक जागा देणे हे शहाणपणाचे असते.

५.२.५ पुसलेले पत्र कोठे जाते?

‘मी शेकडो पत्रे पुसली, तरी सर्व्हरवर जागा वाढली नाही’ ही तक्रार नेहमीची आहे. पत्र पुसले की ते प्रथम ‘पुसलेली पत्रे’ या कप्प्यात जाते. तेथूनही काढले, तर ते काही काळ परत मिळवता येईल अशा अवस्थेत राहते. एक्स्चेंजमध्ये ही मुदत मुळात १४ दिवसांची असते. त्यानंतर ते साठ्यातून खरोखर जाते, पण साठ्याची फाइल आकाराने लहान होत नाही. कणगीतून धान्य काढले म्हणून कणगी लहान होत नाही. रिकाम्या जागेत नवे धान्य मावते, एवढेच. येथेही मोकळी जागा नव्या पत्रांसाठी वापरली जाते.

आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. हिशेबात आपण व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहितो आणि मग खतावणीत नेतो. सर्व्हरही प्रत्येक बदल आधी नोंदवहीसारख्या ‘लॉग’ फाइलींत लिहितो आणि नंतर मुख्य साठ्यात उतरवतो. पत्र पुसणे हाही बदलच. त्यामुळे डिस्क काठोकाठ भरली असताना सर्वांनी एकाच दिवशी हजारो पत्रे पुसली, तर लॉग वाढून उरलीसुरली जागाही संपते आणि साठा बंद पडतो. पूर्ण सुरक्षा-प्रत यशस्वीपणे घेतली गेली, की जुन्या लॉग फाइली आपोआप काढल्या जातात. सबब, मोठी साफसफाई टप्प्याटप्प्याने आणि सुरक्षा-प्रत घेतल्यानंतर करावी.

काही जण पत्रे स्वतःच्या संगणकावरील ‘पीएसटी’ फाइलीत हलवतात. सर्व्हर हलका होतो. पण त्या फाइलीची सुरक्षा-प्रत बहुधा कोणीच घेत नाही. संगणक बिघडला किंवा कर्मचारी नोकरी सोडून गेला, की कार्यालयाची स्मृती त्याच्याबरोबर जाते. जुन्या स्वरूपातील अशा फाइलींना २ जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडल्यास फाइल बिघडत असे. जुनी पत्रे ठेवायची, तर ती कंपनीच्याच स्वतंत्र संग्रहात ठेवावीत.

५.२.६ निंदणीकरण : काय ठेवावे, काय काढावे?

महाराष्ट्राच्या शासकीय कार्यालयांत जुनी कागदपत्रे निवडून काढण्याला ‘अभिलेखांचे निंदणीकरण’ असा सुंदर शब्द आहे. तो शेतातल्या निंदणीवरून आलेला आहे. निंदणीत पीक आणि तण यांची ओळख आधी असावी लागते. दिसेल ते उपटणे म्हणजे निंदणी नव्हे. शासकीय दप्तरात अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते : अ वर्ग कायम जतनासाठी आणि पुढील वर्ग उतरत्या मुदतींसाठी. कंपनीच्या ई-पत्रांनाही हीच दृष्टी लावता येते.

पहिला वर्ग हक्क आणि दायित्व निर्माण करणाऱ्या पत्रांचा : करार, नियुक्ती, मंजुरी, दरांची स्वीकृती. दुसरा वर्ग हिशेबाशी निगडित पत्रांचा. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आणि त्यांतील नोंदींची व्हाउचरे किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. या व्हाउचरांना आधारभूत ठरणारे ई-पत्र त्यापूर्वी पुसू नये. तिसरा वर्ग चालू कामाचा : काम संपेपर्यंत आणि त्यानंतर ठरावीक काळ. चौथा वर्ग प्रासंगिक : ‘बैठक चार वाजता’, ‘पोहोचलो’, ‘धन्यवाद’, जाहिराती. हा वर्ग संख्येने मोठा असतो आणि निर्धास्तपणे काढता येतो. वाद न्यायालयात असेल किंवा चौकशी चालू असेल, तर मात्र त्यासंबंधीचे कोणत्याही वर्गातील पत्र पुसू नये.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७ सांगते की, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढे पाहता येईल अशा रूपात आणि तो कोठून आला, कोठे गेला, कोणत्या दिवशी व वेळी, या तपशिलांसह जपला पाहिजे. म्हणून केवळ जोडपत्र उतरवून घेऊन मूळ पत्र पुसणे नेहमीच सुरक्षित नसते.

या वर्गवारीचा पाया ‘विषय’ या ओळीत असतो. ‘तातडीचे’, ‘सोबत जोडले आहे’, ‘कालच्या बोलण्यानुसार’ अशा विषयांची पत्रे दोन वर्षांनी उघडून पाहिल्याशिवाय ओळखता येत नाहीत. ‘कागदपुरवठा : जून महिन्याच्या दरांना मंजुरी’ हा विषय मात्र स्वतःच आपला वर्ग सांगतो. एका पत्रात एकच विषय, हा जुना नियम येथे पुन्हा उपयोगी पडतो : मंजुरी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच पत्रात असतील, तर शुभेच्छाही आठ वर्षे सांभाळाव्या लागतील.

५.२.७ सूचनेची भाषा

साठवण-जागेचे धोरण कितीही चांगले असले, तरी ते कर्मचाऱ्यांपर्यंत सूचनेतूनच पोहोचते. ही सूचना वाचा :

‘आपला मेलबॉक्स कोटा एक्सीड झाल्यामुळे सेंडिंग डिसेबल करण्यात आलेले आहे. तरी अनावश्यक डेटा तात्काळ डिलीट करण्यात यावा.’

येथे दोष इंग्रजी शब्दांचा नाही; ‘मेलबॉक्स’ हा शब्द सर्वांना कळतो. दोष असा की, ‘अनावश्यक’ म्हणजे काय, हे सांगितलेले नाही आणि ‘तात्काळ’ या शब्दाने घाई मात्र लावली आहे. अशी सूचनाच पुरावे नष्ट करवते. तिचे सुधारित रूप असे करता येईल :

‘आपल्या मेलबॉक्सची मर्यादा संपल्याने सध्या आपल्याला पत्रे पाठवता येणार नाहीत; येणारी पत्रे मिळत राहतील. प्रथम “पाठवलेली पत्रे” या कप्प्यातील पत्रे आकारानुसार लावा आणि मोठ्या जोडपत्रांच्या दुबार प्रती काढा. नंतर जाहिराती व बैठकांच्या जुन्या सूचना काढा. करार, मंजुरी आणि देयके यांची पत्रे पुसू नका. शंका असल्यास पत्र तसेच ठेवून संगणक विभागास विचारा. चुकून पुसलेले पत्र १४ दिवसांपर्यंत परत मिळू शकते.’

दुसरी सूचना लांब आहे, परंतु तीत स्थिती, कृतीचा क्रम, निषेध आणि चूक झाल्यास उपाय हे चारही घटक आहेत. वाचणाऱ्याला निर्णय घेता येईल, इतकी माहिती देणे हेच व्यावहारिक मराठीचे काम होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) रिकाम्या जागा भरा.
१. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हास …… बाइट लागतात.
२. मोठी फाइल प्रत्येकाला पाठवण्याऐवजी ई-पत्रात तिचा …… द्यावा.
३. मर्यादेच्या तिसऱ्या पायरीवर पत्रे …… बंद होते.

आ) एका वाक्यात उत्तर द्या.
१. पत्रे पुसल्यावर साठ्याची फाइल लहान न होताही उपयोग कसा होतो?
२. स्कॅन केलेल्या पत्राची जागेखेरीज दुसरी अडचण कोणती?

५.३ सारांश

ई-मेल सर्व्हरवरील जागा प्रामुख्याने जोडपत्रे, स्कॅन केलेली चित्रे आणि एकाच मजकुराच्या अनेक प्रती यांनी भरते. युनिकोड मराठी मजकूर त्यांच्या तुलनेत अत्यल्प जागा घेतो आणि शोधताही येतो. पुसणे ही एका क्षणात पूर्ण होणारी क्रिया नाही. तिला टप्पे आहेत आणि ती सुरक्षा-प्रतीशी निगडित आहे. काय ठेवावे याचा निर्णय हक्क, हिशेब, चालू काम आणि प्रासंगिक संवाद या वर्गांच्या आधारे घ्यावा. तो सोपा व्हावा, यासाठी नेमका विषय, योग्य संदर्भ आणि एका पत्रात एकच मुद्दा ही शिस्त लिहिणाऱ्याने पाळावी.

५.४ पारिभाषिक शब्द

जोडपत्र : ई-पत्रासोबत पाठवलेली फाइल.
कोटा : एका मेलबॉक्सला ठरवून दिलेली जागा.
निंदणीकरण : मुदत संपलेले अभिलेख पारखून वेगळे काढणे.
सुरक्षा-प्रत : साठा नष्ट झाल्यास तो पूर्ववत करण्यासाठी घेतलेली प्रत, बॅकअप.
दुवा : फाइलीऐवजी दिलेला तिचा पत्ता, लिंक.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. ३ २. दुवा ३. येणे
आ) १. साठ्यातील रिकामी झालेली जागा नव्या पत्रांसाठी वापरली जाते. २. त्यातील शब्द साध्या शोधाने सापडत नाहीत.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘संदर्भ ही ओळ म्हणजे प्रतीऐवजी पत्ता देण्याची रीत होय’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. कागदी अभिलेखांचे निंदणीकरण आणि ई-पत्रांची निवड यांतील साम्य सांगा.
३. स्वतःच्या मेलबॉक्समधील शेवटची ३० पत्रे घ्या. त्यांची चार वर्गांत विभागणी करा. ज्या पत्रांचा वर्ग केवळ विषयावरून ठरवता आला नाही, त्यांचे विषय नव्याने लिहा.